खुर्चीवरचे कपडे

आमच्या झोपायच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची आहे. आणली तेव्हा तिच्यात बसून वाचायचं असा बेत होता आणि पहिल्या आठवड्यात मी तसा वाचत बसलोही. पुढची सहा वर्षं तिच्यात कपडे बसले.

कपडे म्हणजे कुठले, तर एकदाच अंगात घातलेले. संध्याकाळी दोन तास बाहेर जाऊन आलेला शर्ट धुवायला टाकण्याइतका मळलेला नसतो आणि कपाटातल्या धुतलेल्या घड्यांत परत सरकवण्याइतका स्वच्छही उरलेला नसतो. मग तो खुर्चीच्या पाठीवर जातो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पँट, तिसऱ्या दिवशी स्वेटर, आणि गुरुवार उजाडेपर्यंत खुर्ची कपड्यांखाली दिसेनाशी होते. रविवारी मी तो ढीग उपसायचो. थोडं टोपलीत, थोडं कपाटात. आणि दर रविवारी स्वतःला बजावायचो, की बास झालं, हा निव्वळ आळस आहे.

एकदा घरी माणसं जास्त जमली आणि बसायला खुर्च्या कमी पडल्या. लेकीला म्हटलं, आतली खुर्ची आण बघू. ती तेव्हा आठ वर्षांची असेल. आत गेली आणि तशीच हात हलवत परत आली. "बाबा, आत खुर्ची नाहीये. कपाट आहे." सगळे हसले. मीही हसलो, जरा ओशाळून. तिने माझी चेष्टा केली असं मला वाटलं. तिने खरं तर निदान केलं होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरायला आणखी बराच काळ जायचा होता.

घरात कपड्यांना जागा दोनच होत्या, कपाट आणि धुवायच्या कपड्यांची टोपली. कपडे मात्र तीन प्रकारचे होते. तिसऱ्या प्रकाराची सोय कुणी केलेली नव्हती, म्हणून त्याने ती आपली आपण करून घेतली होती. एका सुट्टीच्या दिवशी मी दारामागे तीन खुंट्या ठोकल्या. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी दिसली. त्याच्या पुढच्याही. निश्चय केला नव्हता, स्वतःला बजावलं नव्हतं. आळस जिथल्या तिथे होता. फक्त खुंट्या खुर्चीपेक्षा दोन पावलं अलीकडे होत्या, एवढाच काय तो फरक.

हे इतकं रंगवून सांगतोय, कारण त्याआधीची वीसेक वर्षं मी या कामाला अगदी उलट्या बाजूने भिडत होतो. टापटीप हा स्वभावाचा भाग आहे आणि स्वभाव निश्चयाने बदलता येतो, अशी माझी ठाम समजूत होती. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अकरा डायऱ्या आहेत. प्रत्येकीत किती पानं लिहिली गेलीत ते मी एकदा मोजलं. सर्वांत दीर्घायुषी निघाली ती जानेवारीच्या चोवीस तारखेपर्यंत पोचलेली. बाकीच्यांनी बहुतेक दुसऱ्याच आठवड्यात मान टाकलेली. 'नव्याचे नऊ दिवस' म्हणणाऱ्याने बहुधा असाच कुणाचा तरी खण उघडून पाहिला असावा.

त्या डायऱ्यांतली वेळापत्रकं वाचण्यासारखी आहेत. पट्टीने आखलेले रकाने, दोन रंगांची शाई. पहाटे पाचला उठणे. पाच ते पावणेसहा व्यायाम. रोज एक खण आवरणे. रात्री दहाला झोप, आणि पुढे कंसात 'सक्तीने'. तो कंस बघितला की मला त्या माणसाची कीव येते. कारण तो माणूस आणि मी, आमची गाठच कधी पडली नाही. वेळापत्रक लिहिणारा रविवारी सकाळी टेबलाशी बसलेला असायचा, झोप पुरी झालेला, ताजातवाना, जगात काहीही जमू शकतं अशा थाटातला. आणि ते पाळायचं कुणी? गुरुवारी रात्री साडेनऊला घरात शिरणाऱ्या माणसाने. त्याचे खांदे दुखतायत, डोक्यात कुणाचं तरी बोलणं घोळतंय, पायातले बूट काढायचीही इच्छा नाही. सकाळचा माणूस फर्मानं काढायचा आणि रात्रीच्या माणसाच्या गळ्यात टाकून मोकळा व्हायचा. रात्रीच्याने ती पाळली नाहीत की सकाळचा त्यालाच आळशी म्हणायचा. वर्षानुवर्षं एकाच अंगात हे भांडण चाललं होतं, आणि दोन्हीकडून हरणारा मीच.

या बाबतीत मला सर्वांत मोठा दिलासा दिला तो बेंजामिन फ्रँकलिनने. विजेवर प्रयोग करणारा, छापखाना चालवणारा, अमेरिकेच्या उभारणीत हात असलेला हा गृहस्थ १७०६ साली जन्मला. पंचविशीच्या सुमारास त्याने नैतिकदृष्ट्या निर्दोष व्हायचं ठरवलं. म्हणजे माझ्या डायऱ्या त्यापुढे किस झाड की पत्ती. त्याने तेरा गुणांची यादी केली आणि एक छोटी वही केली. पानावर सात उभे रकाने सात दिवसांचे, तेरा आडव्या ओळी तेरा गुणांच्या. चूक झाली की त्या चौकोनात काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर खास लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खोडता खोडता वहीला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंताच्या पानांची टिपणवही घेतली, तिच्यावर लाल शाईने कायमचे रकाने आखले आणि ठिपके पेन्सिलीने द्यायला सुरुवात केली. ओल्या स्पंजने पुसले की पान कोरं.

त्या तेरा गुणांत तिसरा होता व्यवस्थितपणा. प्रत्येक वस्तूला तिची जागा, प्रत्येक कामाला त्याची वेळ. आणि म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने कबूल केलंय की सगळ्यांत जास्त छळलं ते याच गुणाने. कागदपत्रं आणि वस्तू जागच्या जागी ठेवण्याचं वळण लहानपणी पडलं नाही, स्मरणशक्ती चांगली होती म्हणून त्यावाचून अडलंही नाही, आणि पुढे लावायला गेल्यावर लागेना. तिथेच त्याने एक गोष्ट सांगितली आहे. एका माणसाला आपल्या कुऱ्हाडीचं सगळं पातं धारेसारखं लखलखीत हवं होतं. लोहार म्हणाला, देतो करून, पण सहाणेचं चाक तू फिरव. लोहार पातं दाबून धरतोय आणि हा चाक फिरवून घामाघूम. मधून मधून येऊन बघतोय, झालं का. शेवटी म्हणाला, असू दे, आहे तशीच नेतो. लोहार म्हणाला, अजून फिरव, आता तर नुसते ठिपके ठिपके दिसतायत. त्यावर हा म्हणतो, मला वाटतं, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच जास्त आवडते.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा आधी हसलो आणि मग खणातल्या अकरा डायऱ्या आठवल्या. फ्रँकलिनबद्दल आदर ठेवूनही एक म्हणावंसं वाटतं. त्याने चुका मोजायची फार सुंदर वही केली. त्या वहीत खुंटी मात्र कुठे नव्हती.

मराठीत 'सवय होणं' आणि 'सवय लावणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या घरातल्या रस्त्याच्या आवाजाची सवय होते, त्यासाठी आपल्याला काहीच करावं लागत नाही. रोज रात्री टेबल आवरायची सवय लावावी लागते. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्याच्या मुळाशी याच दोहोंची गल्लत आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० सालच्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस तरी जातात. पुढे सांगोवांगी त्यातलं 'कमीत कमी' गळलं, चेहरा गळला आणि उरला तो आकडा. आरशातल्या नाकाची सवय होणं वेगळं आणि पहाटे पाचला अंथरूण सोडणं वेगळं, हा विचार करायला कुणाला फुरसत नव्हती. मलाही नव्हती. मी बाविसाव्या दिवशी उठून पाहायचो आणि सवय लागलेली नसायची. अर्थात बाविसाव्या दिवसापर्यंत पोचलो तर.

याचा खरा माग काढला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांना त्यांनी एकेक साधी गोष्ट रोज ठरावीक वेळेला करायला सांगितली आणि ८४ दिवस त्यांच्याकडून नोंदी घेतल्या, की आज ती किती आपसूक झाली. सवय मुरायला लागलेल्या काळाचा मध्य आला ६६ दिवस. पण मला जास्त बोलका वाटतो तो पसारा. कुणाला १८ दिवस, कुणाला २५४. यातला मोठा आकडा तर प्रत्यक्ष पाहिलेलाही नाही. प्रयोगच ८४ दिवसांचा, तेव्हा त्या माणसाच्या आलेखाची चढण पुढे वाढवून काढलेला तो अंदाज. ग्लासभर पाणी पिणं लवकर मुरलं, व्यायामाला वेळ लागला. आणि एक निष्कर्ष असा, की मध्ये एखादा दिवस हुकला तर फारसं काही बिघडत नाही.

हे शेवटचं वाचून मी हातातला कागद खाली ठेवला. कारण माझी प्रत्येक डायरी हुकलेल्या एका दिवसानेच मेली होती. नऊ दिवस सलग, दहाव्या दिवशी ताप किंवा पाहुणे किंवा नुसता कंटाळा, आणि अकराव्या दिवशी ते एक कोरं पान बघून पुढचं लिहायची इच्छाच मरायची. मोडलंच आहे तर मोडू दे. आता विचार केला तर यात टापटिपीपेक्षा अहंकारच जास्त होता. मला सवय नको होती, मला सलग भरलेली वही हवी होती.

आमच्या घरात जन्मजात टापटीप माणूस म्हणजे माझी बायको. तिच्या कपाटात अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागते. खूप वर्षं मी तिच्याकडे एखाद्या तपस्विनीकडे बघावं तसा बघत होतो. एकदा, कात्री शोधण्यात पाऊण तास घालवून वैतागलेलो असताना, मी तिला म्हटलं, "तुझ्यासारखी चिकाटी नाही गं माझ्यात." ती म्हणाली, "चिकाटी कसली? मला शोधायचा कंटाळा येतो, म्हणून ठेवते जागेवर. तू रोज अर्धा तास शोधत असतोस. खरा कष्टाळू तूच. मी तुझ्यापेक्षा आळशी आहे."

त्या दिवसापासून मी घराकडे एका आळशी माणसाच्या नजरेने बघायला लागलो. कात्री पहिल्यांदा कुठे शोधतो? टेबलाच्या डाव्या खणात. असते कुठे? स्वयंपाकघरात, कारण कधीतरी कुणीतरी ठरवलं की ती तिथे असावी. मग कात्रीची जागा बदलून डावा खण केली. जिथे हात आधी जातो तीच जागा. वस्तू जिथे शोभते तिथे ठेवू नये, जिथे शोधली जाते तिथे ठेवावी, हे मला आता अगदी उघड वाटतं. चार्जरची वायर, चष्मा पुसायचं फडकं, लिहितं पेन, सगळ्यांच्या जागा अशाच पाहून पाहून ठरल्या. महिनाभर मी घरात स्वतःवरच पाळत ठेवून होतो म्हणा ना.

वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली असाच काहीसा माग घेतला होता. विद्यार्थ्यांना तासातासाला लिहायला सांगायचं, की आत्ता काय करतोयस आणि मनात काय चाललंय. नोंदलेल्या कामांपैकी जवळजवळ ४३ टक्के कामं अशी निघाली की जी ती मंडळी जवळपास रोज, बहुधा त्याच जागी करत होती, आणि पुष्कळदा मन भलतीकडे असताना. जागेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपण सवय मनात शोधत बसतो आणि ती दारापाशी, खणापाशी, पलंगाच्या डाव्या बाजूला बसलेली असते.

किल्लीची गोष्ट त्याच वळणाची. दाराच्या आत, हाताला लागेल अशा उंचीवर एक लाकडी वाडगं ठेवलं. पण नुसतं वाडगं ठेवून भागलं नाही, पहिले पंधरा दिवस ते रिकामंच. मग एक वाक्य ठरवलं: आत पाऊल टाकलं की बूट काढायच्या आधी किल्ली वाडग्यात. 'किल्ली जागेवर ठेवायची' आणि हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात यावर बरंच काम केलंय. नुसता इरादा केलेल्या माणसांपेक्षा, अमुक झालं की मी तमुक करीन असं नेमकं ठरवलेल्या माणसांच्या हातून ते काम होण्याची शक्यता बरीच वाढते. साधं आहे. 'जागेवर ठेवायची' हे लक्षात ठेवायला डोकं लागतं. बूट मात्र रोज आपणच आठवण करून देतात, दमलेल्या माणसालासुद्धा.

कागदांच्या बाबतीत मी इतका सहजी सुटलो नाही. टेबलाच्या कोपऱ्यात एक ढीग होता आणि त्याचं नाव होतं 'नंतर बघू'. त्यात बिलं, पावत्या, वॉरंटीचे कागद, लेकीच्या शाळेतून आलेल्या सूचना, एक लग्नपत्रिका जिच्यातलं जोडपं आता आईबाप झालं होतं. एकदा त्याच ढिगात एका बिलाची मुदत उलटली आणि वर दंड भरावा लागला. चूक सर्वस्वी माझी. मग मी इरेला पेटून चौदा फायली आणल्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. पूर्ण दिवस गेला, संध्याकाळी त्या रांगेकडे पाहून छाती फुगली. आठवड्याने ढीग परत उगवला. घराच्या विम्याचा कागद 'घर'मध्ये की 'विमा'मध्ये की 'दरवर्षी भरायचे'मध्ये? रात्रीचा माणूस चौदांतून एक निवडत बसत नाही. तो कागद कोपऱ्यात ठेवतो आणि दिवा घालवतो.

तेव्हा कळलं, की ढीग कागदांचा नव्हताच. तो न केलेल्या निर्णयांचा होता. आता फायली दोनच आहेत, 'करायचंय' आणि 'जपायचंय'. तिसरी केराची टोपली. कागद हातात आला की उभ्या उभ्या तिन्हींतलं एक. त्यावर तारीख असेल तर ती लगेच फोनमधल्या कॅलेंडरवर, मुदतीच्या चार दिवस आधी आठवण. 'जपायचंय' फाईल आतून बेशिस्त आहे, सगळं एकावर एक. वर्षातून तीनदा त्यातलं काहीतरी लागतं, तेव्हा दहा मिनिटं चाळावी लागते. बायकोला ती फाईल बघवत नाही. मला ठिपक्यांची कुऱ्हाड चालते.

रात्रीच्या माणसासाठी मी एकच काम राखून ठेवलंय. अंथरुणावर पडण्याआधी उद्याच्या तीन ओळी एका कागदावर लिहायच्या. वही नाही, डायरी तर नाहीच नाही. सुटा चिठोरा, जो उद्या रात्री फाडून टाकायचा असतो. म्हणजे सलग भरलेल्या पानांचा मोहच नको. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुण मंडळींना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं होतं. काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जास्त बारकाईने लिहिलं त्यांना आणखी लवकर. मला हे आधी उलटं वाटलं होतं. कामाची यादी समोर आली की झोप उडायला हवी. पण डोकं ती यादी रात्रभर धरून ठेवतं ते कुठे उतरवलेली नाही म्हणून. कागदाने ओझं घेतलं की हात मोकळे.

आता सवयीची एक फसवी बाजू सांगायला हवी, कारण सवयी लागल्या की सगळं सुरळीत होतं असं सांगणारे त्याबद्दल गप्प बसतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा घालून ते वाट शिकत असताना काय घडतं ते टिपलं. उंदीर नवा असतो तेव्हा वाटेवर पावलोपावली मेंदूच्या आतल्या एका भागात धावपळ चाललेली असते. वाट अंगवळणी पडली की ती धावपळ सुरुवातीला आणि शेवटाला उरते, मधला सारा प्रवास जवळजवळ शांत. 'अंगवळणी' हा आपला शब्द या निष्कर्षाला किती चपखल बसतो बघा. वळण अंगाला पडतं, मग मनाला तिथे हजर राहायची गरज उरत नाही.

आणि मन हजर नसेल तर आठवण कुठून राहणार? घराला कुलूप लावायची सवय मला पक्की लागली आणि त्याच दिवसापासून, कुलूप लावलं का हा प्रश्न पाठीमागे लागला. पूर्वी शंभरात एकदा मी कुलूप विसरायचो आणि विसरलो हे मला माहीत असायचं. आता शंभरात शंभर वेळा लावतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन बघतो. लागलेलं असतंच. तरी पुढच्या वेळी परत येतो.

यावरचा उतारा मला सापडला जपानी रेल्वेत. तिथले चालक आणि गार्ड सिग्नल हिरवा दिसला की त्याच्याकडे हात लांब करून बोट दाखवतात आणि मोठ्याने तसं म्हणतात. बघणाऱ्याला गंमत वाटते. पण डोळा, हात, तोंड आणि कान असे चौघे साक्षीला आले की मनाला पळून जाता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची ही पद्धत तिथे अजून टिकून आहे. मी आता दाराबाहेर उभा राहून कुलपाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "लागलं." समोरच्या दारातल्या आजोबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आजूबाजूला बघायला लागले, की मी बोलतोय कुणाशी. आता तेच विचारतात, "लागलं का?" कोपऱ्यावरून परत येणं थांबलंय.

प्रवासाला निघताना मात्र बोट पुरत नाही, तिथे यादी लागते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. वैमानिक नवशिका नव्हता, चांगला मुरलेला होता. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीच्या झडपा हलू नयेत म्हणून लावलेली अडण काढायची राहून गेली होती. विमान उडवायला फार अवघड आहे, असा सूर लागला. त्यावर उपाय म्हणून वैमानिकांनी जास्त प्रशिक्षण घेतलं नाही, त्यांनी एक छोटी यादी केली आणि उडण्याआधी ती वाचायला सुरुवात केली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला सहा ओळींचा कागद चिकटवलाय: गॅस, नळ, खिडक्या, औषधं, चार्जर, किल्ली. चार माणसांत तो जरा बावळट दिसतो. दिसू दे. हुशारीच्या भरवशावर मी तीनदा औषधं विसरलोय.

आवरण्याचाही नाद लागू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो. खुंट्यांचं यश डोक्यात गेलं तेव्हा दोन-तीन महिने मी घरातल्या प्रत्येक गोष्टीला डबा आणि प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावत सुटलो होतो. फोनवर कामांची नोंद ठेवणारी चार अ‍ॅप्स होती आणि रोजचा अर्धा तास कामं एका अ‍ॅपातून दुसऱ्यात हलवण्यात जायचा. काम एकही व्हायचं नाही. लेकीच्या खेळण्यांवर चिठ्ठ्या लावायला गेलो तेव्हा ती हाताची घडी घालून उभी राहिली. "बाबा, माझा पसारा मला माहीत असतो." मी चिठ्ठ्या खिशात घातल्या. तिच्या खोलीत अजूनही पाय ठेवायला जागा नसते आणि हवी ती वस्तू ती मला अर्ध्या मिनिटात आणून देते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पहाटे पाचला मी आजही उठत नाही. रोज एक खण आवरत नाही. खालच्या खणातल्या अकरा डायऱ्या 'जपायचंय'मध्ये जाव्यात की टोपलीत, हा निर्णयही तसाच पडून आहे.

परवा रात्री उशिरा घरी आलो. किल्ली वाडग्यात, मग बूट. खोलीत शिरलो आणि थबकलो. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता. माझा नव्हे, बायकोचा.

"अगं, खुर्चीवर?" मी जरा विजयी सुरातच विचारलं.

"दारामागे बघ," ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

बघितलं. एका खुंटीवर माझा शर्ट, दुसरीवर माझा कोट, तिसरीवर माझी पिशवी, जिची जागा तिथे कधीच ठरलेली नव्हती. मी उद्याच्या तीन ओळी लिहायला चिठोरा काढला आणि पहिली ओळ लिहिली: चौथी खुंटी.